नाशिकहून मालवण : ‘कला, इतिहास आणि समुद्र’ सहलीचे परीक्षण

हिवाळा सुरू झाला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर कोकण सहलींच्या जाहिराती झळकू लागतात, आणि त्यांतील बहुतेकींचा आराखडा एकमेकींवरून उतरवून घेतल्यासारखा असतो : गणपतीपुळे, मालवण, जमल्यास गोवा आणि उरलेल्या वेळात बस. शहरातील एका लहान सहल संस्थेने यंदा मात्र केवळ मालवण आणि त्याच्या भोवतालचा मुलूख घेऊन ‘कला, इतिहास आणि समुद्र’ अशी सहल आखली होती. दशावतार (कोकणातले रात्रभराचे लोकनाट्य), चित्रकथी (चित्रे दाखवत गाऊन सांगितलेली कथा) आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) हे तीन शब्द एकाच जाहिरातपत्रकात वाचल्यावर आम्ही उभयतांनी फारसा विचार न करता नाव नोंदवले. संस्था लहान आहे, पुढे काही कडक बोलावे लागणार आहे आणि त्या त्रुटी संयोजकांना लेखी कळवून झाल्या आहेत, म्हणून तिचे नाव येथे घेत नाही. अशी सहल निवडताना काय पाहावे हे सांगण्यास नावाची गरजही पडत नाही. कलेच्या बाबतीत ही सहल अपेक्षेपेक्षा पुष्कळ सरस ठरली, समुद्राच्या बाबतीत नीटनेटकी होती आणि इतिहासाच्या बाबतीत तिने निराशा केली. या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे संयोजकांनी केलेली वेळेची वाटणी.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पुणे, कोल्हापूर, गगनबावडा आणि करूळ घाट या मार्गाने रात्रभर जाणारी बस स्वच्छ होती, चालक सावध होता आणि ज्येष्ठांना पुढची आसने न मागता मिळाली. मुक्काम मालवणातच एका घरगुती निवासात असल्यामुळे तारकर्लीच्या गर्दीपासून सुटका झाली आणि संध्याकाळी बाजारपेठेत पायी हिंडता आले. खोल्या साध्या होत्या. गरम पाण्याची वेळ ठरलेली होती आणि ती पाळली गेली, एवढे पुरेसे आहे.

घाट उतरून तळेऱ्यावरून पहिल्या सकाळी विजयदुर्गाला नेण्यात आले, आणि इतिहासाची बाजू कोठे लंगडी पडणार आहे याची चुणूक तेथेच मिळाली. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौथऱ्यांपाशी उभे राहून मार्गदर्शकाने हेलियमचा शोध याच जागी लागला, असे ठामपणे सांगितले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्या शोधाचा संबंध आहे हे खरे. परंतु त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि ज्यांचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते त्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. गावकरी दरवर्षी त्या तारखेला हेलियम दिन साजरा करतात यात वावगे काहीच नाही, मात्र पैसे घेऊन माहिती देणाऱ्याने आख्यायिका आणि नोंद यांतला फरक सांगायला हवा. शिवाय या आख्यायिकेपायी जे खरोखर येथे घडले ते सांगायचे राहून गेले. मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी याच बंदरात जाळले आणि त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या जोडीने उतरले होते. मराठी माणसाला अवघड वाटणारा हा प्रसंग ऐकण्यासाठी विजयदुर्गाइतकी योग्य जागा दुसरी कोणती असणार?

आता या सहलीच्या सर्वोत्तम भागाकडे वळतो. मालवण, कुडाळ आणि वेंगुर्ले या तालुक्यांत कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार होतो. तेथील लोक त्याला ‘धयकालो’ म्हणतात. किनाऱ्यावरच्या काही हॉटेलांत हिरवळीवर तासाभराचा दशावतार दाखवण्याची सोय असते, आणि आमच्याही वाट्याला तेच येणार अशी माझी अटकळ होती. संयोजकांनी तसे केले नाही. त्यांनी सहलीच्या तारखाच मुळी तिथी पाहून ठरवल्या होत्या, त्यामुळे कुडाळ तालुक्यातील एका लहान गावाच्या खऱ्या जत्रेत आम्हांला अख्खी रात्र बसता आले. दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम कोरा ठेवलेला होता. सहल आखणाऱ्यांना हे सुचणे दुर्मिळ आहे, कारण कोरी सकाळ जाहिरातीत छापता येत नाही.

पालखीची प्रदक्षिणा आटोपून प्रयोग उभा राहीपर्यंत मध्यरात्र होते. प्रथम आड दशावतार होतो : रिद्धिसिद्धींसह गणपती, मग सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद पळवणारा काळा संकासुर, जो मालवणी बोलीत प्रेक्षकांची आणि भटजीची यथेच्छ टिंगल करून घेतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर मुख्य आख्यान लागते. रंगमंचावर एका लाकडी बाकाखेरीज काहीही नसते, आणि तोच बाक सिंहासन, पर्वत, रथ किंवा ऋषीचा आश्रम होतो. संहिता लिहिलेली नसते. कथा कोणती घ्यायची हे मंडळी आधी ठरवतात आणि राजपार्ट करणारा व खलपार्ट करणारा नट उभ्या उभ्या संवाद रचत एकमेकांना पेचात पकडत राहतात. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर पहाटेपर्यंत चाललेली ती जुगलबंदी पाहताना वर्षानुवर्षे कालिदास कलामंदिरात ठरलेल्या वेळेला पडदा पडण्याची सवय झालेले आमच्यातील काहीजण अस्वस्थ झाले, परंतु उठून कोणी गेले नाही. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाने विलापाच्या प्रसंगी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पदर डोळ्यांना लावायला भाग पाडले, त्यावेळी हा प्रयोग कोणासाठी चालला आहे हे वेगळे विचारण्याची गरज उरली नाही.

नाशिककरांना हे सगळे पूर्णपणे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकच्या पट्ट्यात बोहाडा होतो, त्यातही मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर येतात आणि आरंभी गणपती व सरस्वतीच असतात. फरक असा की बोहाड्यात सोंगाची चाल आणि संबळाचा ठेका बोलतो, तर दशावतारात माणसाची जीभ. बसमध्ये जाता जाता मार्गदर्शकाने ही तुलना केली असती तर बरे झाले असते. ती आम्हांला आपापसांत करावी लागली. त्याने आधी सांगून ठेवलेली एक गोष्ट मात्र फार उपयोगी पडली. मोबाइलचा उजेड नटांच्या तोंडावर पाडू नये आणि मध्येच रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या जागेत, घुसू नये, कारण तेथे पेटाऱ्यातील गणपतीची पूजा मांडलेली असते. आजकाल ‘ट्रिकसीनयुक्त’ दशावतारांचीही जाहिरात होते, ज्यात धूर, दिवे आणि हवेतून उतरणारे देव असतात. आम्ही पाहिलेल्या प्रयोगात असे काहीही नव्हते आणि त्याची उणीवही भासली नाही.

पिंगुळीची भेट तितकीच चांगली ठरली. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाची घराणी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, आणि त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या ठाकर आदिवासी कला अंगण या लहान संग्रहालयात जुनी चित्रे आणि बाहुल्या पाहायला मिळतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, सांगणारा वीणा, हुडूक आणि टाळाच्या साथीवर गात गात एकेक चित्र पुढे करतो आणि ऐकणारे ते पाहत कथा समजून घेतात. आमच्यापुढे रामायणातील आख्यान लावले गेले. पंचवटीतला प्रसंग आला तेव्हा आमच्या गटात जी कुजबुज सुरू झाली ती आवरायला सांगणाऱ्यालाच हसून थांबावे लागले. सीतागुंफेच्या रांगेत लहानपणापासून उभे राहिलेल्या माणसाला तोच प्रसंग मोठ्या डोळ्यांच्या, एका बाजूने रेखाटलेल्या आकृतींतून पाहताना काय वाटते, ते तेथे जाऊनच पाहावे. याच परंपरेतील चित्रांचा एक मोठा साठा पैठणला सापडला होता आणि त्यावरून ‘पैठणी चित्रे’ असे नाव रूढ झाले. म्हणजे आपल्याच गोदावरीच्या काठाशी या कलेचा एक धागा बांधलेला आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे काचेआड दिसतात, पण ती गाऊन दाखवली जात नाहीत.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर दरबार हॉलमध्ये बसून काम करतात आणि त्यांच्या शेजारी उभे राहून ते पाहता येते. गोल पत्त्याचा पाया चिंचोक्याच्या खळीने तयार होतो, त्यावर कुंचल्याने अवतार रेखाटले जातात आणि शेवटी लाखेचा हात बसतो. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग आणि प्रत्येक रंगाचे राजा व प्रधान धरून १२ पत्ते, असे १२० पत्ते असतात. छापील पत्त्यांपुढे ही कला मोडीत निघाली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली, आणि आता तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. येथे संयोजकांनी केलेली एक गोष्ट मला विशेष आवडली. पत्ते नुसते दाखवून न थांबता त्यांनी आम्हांला खेळायला बसवले. दिवसा खेळ रामाच्या रंगापासून आणि रात्री कृष्णाच्या रंगापासून सुरू होतो, आणि १० पैकी निम्म्या रंगांत आकड्यांचा चढता क्रम उलटा होतो, त्यामुळे एक्का दश्शीवर मात करतो. हे लक्षात ठेवता ठेवता रमीत मुरलेल्या मंडळींची चांगलीच भंबेरी उडाली. हाताने रंगवलेला पूर्ण संच महाग आहे आणि तो तसाच असायला हवा. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी चितार आळीतून लाकडी फळांची परडी घ्यावी. तेथील दुकानांत माल एकसारखा नसतो, म्हणून रंगाचा हात आणि लाकडाचे वजन पाहून निवड करावी.

ज्या संस्थेने धयकाल्याला रात्र दिली आणि गंजिफेला दुपार दिली, तिने सिंधुदुर्ग किल्ल्याला मात्र होडीच्या फेरीइतकाच वेळ द्यावा, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मालवणच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या होडीची परतीची वेळ ठरलेली असते आणि तेवढ्यात, म्हणजे साधारण तासाभरात, कुरटे बेटावरचा सुमारे ४८ एकरांचा किल्ला पाहून होत नाही. तट सुमारे ३ किलोमीटर लांबीचा आहे. नंतरच्या होडीने परतण्याची व्यवस्था संयोजक आधी बोलून करू शकले असते, आणि त्यासाठी थोडे अधिक पैसे द्यायलाही गटातील कोणी नाही म्हटले नसते.

घाईत काय हुकते, ते सांगतो. या किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, कारण तटाच्या दोन बाहूंनी त्याला पोटात घेतले आहे. आम्ही मात्र तेथे ‘चला, चला’ ऐकत आत शिरलो. दरवाजावरच्या भागात चुन्यात उमटलेले, शिवाजी महाराजांचे म्हणून पूजले जाणारे हाताचे व पायाचे ठसे आहेत. ते रांगेमुळे निम्म्या गटाने पाहिले नाहीत. शिवराजेश्वराच्या देवळात दर्शन झाले, परंतु हे देऊळ राजाराम महाराजांच्या काळातले आहे, आणि छत्रपतींची मूर्ती करून तिची नित्य पूजा करण्याचा प्रघात इतका जुना आहे, हे कोणी सांगितले नाही. चारी बाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे, हे सांगितले गेले, पण वेढ्याच्या काळात या पाण्याचे मोल काय असेल याचा विचार करायला उसंत मिळाली नाही. तटावर चढणे वेळापत्रकात नव्हतेच. तटावरून पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट यांची मांडणी नजरेत येते आणि हा जलदुर्ग एकटा उभा नव्हता, ती एक साखळी होती, हे आपोआप उमगते.

इतिहास सांगायचा म्हटला तर येथे विषयांची वाण नव्हती. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरच्या ‘मोरयाचा धोंडा’ येथे पूजा करून बांधकामाला आरंभ झाला, हिरोजी इंदुलकरांनी ते सांभाळले, पायात शिसे ओतले गेले आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पुढे खंडणी घेऊन कोल्हापूरकरांना परत केला आणि १८१२ च्या तहाने पुन्हा ताब्यात घेतला. यांतील पहिल्या दोन ओळींपलीकडे मार्गदर्शकाची गाडी गेली नाही. मोरयाचा धोंडा तर दाखवलाच नाही, उलट राजकोटावर, जेथील शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि जेथे नंतर नवा उभारण्यात आला आहे, तेथे छायाचित्रांसाठी भरपूर वेळ ठेवला होता. राजकोटाला जाण्यास माझा आक्षेप नाही. परंतु ज्या खडकावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरून किल्ल्याचा मुहूर्त झाला तो मालवणातच असताना, ‘इतिहास’ हा शब्द पत्रकावर छापणाऱ्यांनी तो वगळावा, हे पटण्यासारखे नाही.

नाशिकच्या गटाला सांगण्याजोगी एक गोष्ट याहूनही सोपी होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग आहेत आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही आहे. १५६७ मीटर उंचीचा, १६७२ च्या मैदानी लढाईने गाजलेला साल्हेर आणि भरतीच्या पाण्यात उभा असलेला सिंधुदुर्ग एकाच यादीत का, तर सह्याद्रीचा कडा आणि समुद्राचा खडक या दोन्हींना राज्याच्या संरक्षणात जुंपणारी दृष्टी एकच होती, म्हणून. साल्हेर चढलेले निदान चार-पाचजण आमच्या बसमध्ये होते. त्यांना बोलते केले असते तरी पुरे होते.

समुद्राचा भाग पत्रकात शेवटी होता आणि तो शेवटीच राहिला, हे मला योग्य वाटते. स्कूबा, पॅरासेलिंग आणि देवबागच्या संगमाकडची होडी यांचे पैसे वेगळे होते आणि ते आधी स्पष्ट सांगितले होते. पोहता न येणाऱ्यालाही येथे स्कूबा करता येते, कारण प्रशिक्षक सोबत राहून काही मीटर खाली नेतो. उतरताना कानांवर दाब येतो, तो नाक दाबून फुंकर मारून सोडवावा लागतो, हे जमिनीवरच नीट शिकवून घ्यावे. आमच्या गटात ते घाईने झाले असे नाही. हृदयविकार, दमा किंवा कानाचे दुखणे असलेल्यांना बसमध्येच स्पष्टपणे नाही म्हणण्यात आले, ही जबाबदारीची वागणूक नोंदवण्यासारखी आहे. मला स्वतःला मात्र सकाळी किनाऱ्यावर ओढली जाणारी रापण पाहण्यात अधिक रस वाटला. दोरखंडाच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या माणसांनी तालात जाळे ओढायचे, आणि ते वाळूला लागले की बांगडा, तारली, मांदेली यांची वाटणी व लगोलग लिलाव. हा कार्यक्रम पत्रकात नव्हता, निवासाच्या मालकीणबाईंनी सांगितला म्हणून आम्ही गेलो. संयोजकांनी तो पत्रकात घालावा.

जेवणाबद्दल एवढेच की मासे ताजे होते, सोलकढी रोज वेगळी लागत होती आणि शाकाहारी मंडळींना काळ्या वाटाण्याची उसळ व आंबोळीवर समाधान मानावे लागले नाही, त्यांच्यासाठी भाज्यांची खरी सोय केलेली होती. मालवणी खाजा बाजारातून घ्यावा. बस ज्या दुकानापुढे उभी करण्यात आली तेथे तो शिळा निघाला.

या प्रकारची सहल निवडणाऱ्यांनी नोंदणीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात असे मी सुचवेन. दशावतार जत्रेतला आहे की हॉटेलमधला, आणि जत्रेतला असल्यास कोणत्या गावचा. सिंधुदुर्गावर प्रत्यक्ष किती वेळ मिळणार आहे, आणि तटावर चढण्याचा त्यात समावेश आहे का. मार्गदर्शक स्थानिक आहे की नाशिकहून सोबत येणारा, कारण आमच्यासोबत आलेला गृहस्थ मनमिळाऊ होता, परंतु पिंगुळीत आणि राजवाड्यात जे रंगले ते तेथील माणसे स्वतः बोलत होती म्हणून. गुडघे दुखणाऱ्यांनी जत्रेच्या रात्रीसाठी घडीची खुर्ची सोबत ठेवावी, कारण देवळापुढे बसायला जमीनच असते, आणि पौषात खळ्यावर दव पडते म्हणून शालही घ्यावी. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले सगळे खेळ बंद असतात, जत्राही नसतात. तेव्हा स्वस्त मिळाली तरी त्या दिवसांत ही सहल घेऊ नये.